डोक्याला मार लागल्यानंतर : विश्रांती, आहार आणि हालचाल



बेळगावच्या कॅम्प भागातून पहाटे फेरफटका मारणाऱ्यास शरीरसामर्थ्याची उपासना म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. एकीकडे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातील जवानांचा सराव, दुसरीकडे शाळांच्या मैदानांवरील मुलांचा कोलाहल, आणि शहराच्या जुन्या वस्तीत अजूनही टिकून राहिलेल्या तालमींतील जोर-बैठका. अंगात रग असलेल्या या प्रदेशात मार लागणे ही लाजेची नव्हे तर काहीशी अभिमानाची गोष्ट मानली जाते. कबड्डीत डोके आपटले, कुस्तीत मानेवर पडला, ऊस भरून चाललेल्या ट्रॅक्टरला चुकविताना दुचाकीवरून कोसळला, तरी पहिला प्रश्न एकच असतो : रक्त आले काय? रक्त आले नसेल तर काही झाले नाही, असा निर्वाळा तेथल्या तेथे दिला जातो. प्रस्तुत भाषणाचा विषय नेमका या निर्वाळ्याच्या पलीकडील आहे. कवटी शाबूत, जखम नाही, तपासणीचे चित्रही निर्दोष. आणि तरीही माणूस पूर्वीसारखा नाही. डोके दुखते, उजेड सोसवत नाही, वाचलेले ध्यानात राहत नाही, अन्नावर वासना नसते किंवा उलट बसल्या जागी खाणे वाढते. या अवस्थेला वैद्यकात कन्कशन म्हणतात. आपण तिला मेंदूला बसलेला हादरा म्हणू या.

मेंदू हा कवटीच्या आत एका द्रवात तरंगत असतो. डोक्याला किंवा नुसत्या अंगाला जोराचा धक्का बसला म्हणजे तो आतल्या आत हिंदकळतो, पिळवटतो. अशा वेळी मेंदूच्या पेशींतील क्षारांचा तोल ढळतो. पोटॅशियम बाहेर येते, कॅल्शियम आत शिरते, आणि हा तोल पूर्ववत करण्यासाठी पेशींना एकाएकी अधिक इंधन लागते. दुर्दैव असे की, नेमक्या त्याच काळात मेंदूकडे जाणारा रक्ताचा ओघ घटलेला असतो. मागणी वाढलेली आणि पुरवठा आटलेला, अशी ही टंचाई असते. सी. टी. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेले दिसते. ही टंचाई दिसत नाही. म्हणून "स्कॅन चांगला आहे" याचा अर्थ "जिवाला धोका नाही" इतकाच घ्यावयाचा, "रुग्ण बरा आहे" असा नव्हे. शुद्ध हरपलीच पाहिजे असेही नाही. बहुसंख्य रुग्णांची शुद्ध हरपतच नाही.

क्रिकेटच्या मैदानावरील दोन प्रसंगांनी हा भेद चांगला ध्यानी येतो. १९६२ साली वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आदळला. कवटीला इजा होऊन शस्त्रक्रिया करावी लागली. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी त्यांच्यासाठी रक्तदान केले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, परंतु पुन्हा कसोटी सामना खेळू शकले नाहीत. हा हादऱ्याच्या पलीकडचा, उघड दिसणारा आघात होय. दुसरा प्रसंग मुंबईच्या संदीप पाटील यांचा. जानेवारी १९८१ मध्ये सिडनी येथे हेल्मेटविना खेळत असता लेन पास्को यांचा चेंडू त्यांच्या डोक्यावर बसला आणि ते कोसळले. ६५ धावांवर त्यांना मैदान सोडावे लागले. त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात ते फलंदाजीस उतरले, आणि सुमारे तीन आठवड्यांनी ॲडलेड येथे त्यांनी १७४ धावांची खेळी केली. मराठी घरांत ही कथा आजही कौतुकाने सांगितली जाते, आणि कौतुक योग्यच आहे. मात्र कथा सांगणाऱ्याने ॲडलेडच्या १७४ धावांचे कौतुक करावे. सिडनीच्या दुसऱ्या डावाचे अनुकरण कोणाला सांगू नये. आजच्या नियमाने तो डाव त्यांना खेळूच दिला नसता. ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेण्याची मुभा आहे. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरा येथे रवींद्र जडेजा यांच्या हेल्मेटवर चेंडू लागला. ते डाव संपेपर्यंत खेळले, आणि चक्कर येऊ लागली ती नंतर, खेळाडूंच्या खोलीत. त्यांच्या जागी युजवेंद्र चहल आले. लक्षणे उशिरा उमटतात, ही गोष्ट यावरून लक्षात घेण्याजोगी आहे. हेल्मेट कवटी वाचविते. आतील मेंदूचे हिंदकळणे ते पूर्णतः थांबवू शकत नाही. तथापि कवटी वाचविणे ही काही लहान गोष्ट नव्हे, आणि निपाणीच्या महामार्गावर ते आरशाला अडकवून चालणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता पहिल्या दोन दिवसांविषयी. मार लागल्यानंतर वारंवार उलट्या होणे, डोकेदुखी उत्तरोत्तर वाढत जाणे, झटके येणे, बोलणे अडखळणे, हातपाय लुळा पडणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणे, झोपेतून जागे न होणे, यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास घरी थांबू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी व वृद्धांनी तर चिन्हांची वाट न पाहता दाखवून यावे. वृद्धांच्या कवटीत रक्त हळूहळू साचून दोनतीन आठवड्यांनीही त्रास उद्भवतो. रस्त्यावर पडलेल्यास उचलून नेणाऱ्या माणसाला मागाहून कचेरीचा ससेमिरा लागेल, ही भीती अनेकांना असते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा मदतकर्त्याला संरक्षण दिलेले आहे, हे ग्रामपंचायतींनी फलकावर लिहून ठेवावयास हरकत नाही.

डॉक्टरांनी तपासून घरी पाठविल्यानंतर रुग्णास झोपू द्यावे. "झोपला तर उठणार नाही" म्हणून रात्रभर जागविण्याची जुनी समजूत आहे. तपासणी झालेल्या रुग्णाच्या बाबतीत ती निराधार आहे, आणि झोप हाच या काळातील मोठा उपचार आहे. डोक्यावर तेल थापून चोळणे एक वेळ सोडून देता येईल; परंतु मान मोडून देणाऱ्यांकडे मात्र रुग्णाला मुळीच नेऊ नये. डोके दुखल्यास पॅरासिटॅमॉल पुरे. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांच्या सांगण्यावाचून घेऊ नयेत. पॅरासिटॅमॉलही आठवडेच्या आठवडे रोज घेत राहिल्यास गोळीमुळेच डोके दुखू लागते. मद्य व तंबाखू वर्ज्य. दुचाकी किमान पहिला दिवस चालवू नये, आणि पुढे चक्कर थांबेपर्यंत नाहीच. मोबाइलचेही तसेच आहे. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पहिले ४८ तास पडद्यापासून दूर राहिलेल्यांची लक्षणे साधारण साडेतीन दिवसांत निवळली, तर न राहिलेल्यांना आठ दिवस लागले.

येथून पुढे मात्र वैद्यकाचा उपदेश गेल्या काही वर्षांत पालटला आहे, आणि तो सर्वत्र पोचलेला नाही. पूर्वी सांगत, लक्षणे पूर्ण जाईपर्यंत अंधाऱ्या खोलीत पडून राहा. आपल्याकडे हा उपदेश फार आवडीने पाळला जातो. घरातील मंडळी रुग्णाला पाण्याचा पेलाही उचलू देत नाहीत. २०१५ साली अमेरिकेतील मिल्वॉकी येथे केलेल्या अभ्यासात आढळले की, पाच दिवस सक्तीची विश्रांती दिलेल्या तरुणांना एकदोन दिवस विश्रांती घेतलेल्यांपेक्षा अधिक तक्रारी जाणवल्या. २०१९ साली बफेलो येथील डॉक्टरांनी मुलामुलींच्या एका गटाला झेपेल इतका चालण्या-सायकलीचा व्यायाम दिला व दुसऱ्या गटाला केवळ अंग ताणण्याचा. पहिला गट साधारण १३ दिवसांत बरा झाला, दुसरा १७ दिवसांत. २०२२ साली ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने हाच मार्ग मान्य केला : एकदोन दिवस सापेक्ष विश्रांती, आणि त्यानंतर सपाटीवर चालणे. सापेक्ष म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे. घरात वावरणे, आंघोळ, थोडे बोलणे हे सर्व चालते.

किती चालावे याचे माप नाडीवर घेता येते. वय २२० मधून वजा केले म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची ढोबळ कमाल मर्यादा मिळते. प्रारंभी तिच्या सुमारे ५५ टक्क्यांपर्यंत व पुढे ७० टक्क्यांपर्यंत जावे. वीस वर्षांच्या तरुणास हे आकडे मिनिटाला ११० व १४० असे येतात. चाळिशीच्या गृहस्थास ९९ व १२६. मनगटावर बोट ठेवून अर्धा मिनिट मोजणे कोणासही जमते. चालताना डोकेदुखी किंचित वाढली आणि तासाभरात ओसरली तर घाबरण्याचे कारण नाही. ती बरीच वाढली, अथवा तासानंतरही टिकली, तर त्या दिवशी थांबावे आणि दुसऱ्या दिवशी थोडे कमी चालावे. कॅम्पातील झाडांच्या सावलीतील रुंद रस्ते, टिळकवाडीतील व्हॅक्सीन डेपोचा परिसर, किल्ल्याच्या तलावाचा काठ, ही स्थळे यासाठी जणू करूनच ठेवलेली आहेत. खेड्यात गावाबाहेरील पांदीचा रस्ता पुरतो. रहदारीचा गोंगाट आणि भर दुपारचे ऊन टाळले म्हणजे झाले. बहुतेक प्रौढ दोन आठवड्यांत व मुले महिनाभरात सावरतात. त्यापलीकडे तक्रारी राहिल्यास मान, डोळे, तोल आणि मन यांची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी.

आहाराचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. मेंदूला मार लागला म्हणून "मेंदूची ताकद" वाढविणारे काही खास अन्न आहे काय, असे हटकून विचारले जाते. असे सिद्ध झालेले अन्न नाही. जवस, अक्रोड, मासे यांतील स्निग्ध घटकांचा प्राण्यांवरील प्रयोगांत उपयोग दिसला आहे, मनुष्यांविषयी पुरेसा पुरावा नाही. तथापि भाकरीबरोबर जवसाची चटणी खाण्यास कोणाची परवानगी लागत नाही. हळद घातलेले दूध घ्यावयाचे तर घ्यावे, ते औषध समजू नये. पाचशे रुपयांच्या डब्यातील भुकटीपेक्षा वेळेवर मिळालेले आमटीभात व उसळ यांचे मोल अधिक आहे. कारण खरा नियम वेळेचा आहे. इंधनाची टंचाई असलेल्या मेंदूला उपास मानवत नाही. जेवण चुकले की डोके चढते, आणि पाणी कमी पडले तरी तेच. सबब पहिले तीनचार आठवडे एकादशी, सोमवार, नवरात्र यांचे कडक उपास बाजूस ठेवावेत. आजाऱ्याला धर्मानेही सूट दिलेलीच आहे. मळमळ असेल त्या दिवशी पेज, मऊ भात, नाचणीची आंबील, पातळ ताक, आल्याचा तुकडा. थोडे थोडे, दर दोनतीन तासांनी. भूक परतली की ज्वारीची भाकरी, डाळ, मटकी, अंडे, दूध, पालेभाजी असा नित्याचा आहार. चहा एकदम तोडल्यानेही डोके दुखते, म्हणून नित्याचा चहा दोन कपांवर आणावा आणि संध्याकाळनंतर घेऊ नये.

वजनाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण तिच्यातूनच पुढील अविचार घडतो. रुग्ण बसून असतो, करमत नाही, भेटीस येणारा प्रत्येकजण बेळगावचा कुंदा नाहीतर गोकाकचा करदंट घेऊन येतो, आणि "अशक्तपणा आला आहे, खा" असा आग्रह होतो. दिवसाला गरजेपेक्षा ३०० कॅलरी अधिक गेल्या तर चार आठवड्यांच्या आत सुमारे एक किलो चरबी वाढते. गृहस्थाला याचे विशेष वाटणार नाही. परंतु तालमीतल्या पैलवानाचा हिशेब पाहा. दोन लिटर म्हशीचे दूध, शंभर ग्रॅम बदाम व शंभर ग्रॅम तूप एवढ्याच खुराकात साडेतीन हजारांच्या आसपास कॅलरी असतात, भाकरी-मटण वेगळे. रोजच्या शेकडो जोर-बैठकांनी ते जिरत होते. व्यायाम थांबला आणि खुराक तसाच राहिला, तर महिनाभरात त्याचा वजनगट बदलतो. मग स्पर्धा तोंडावर आली की तो जेवण तोडतो, पाणी तोडतो, जाड कपडे घालून उन्हात धावतो. बऱ्या होऊ पाहणाऱ्या मेंदूला याहून वाईट काही करता येणार नाही. यासाठी वस्तादांनी पहिल्या दिवसापासून तूप व बदाम निम्म्याहून कमी करावेत, दुधाचा एखादा लिटर ठेवावा, डाळ, अंडी, उसळ चालू ठेवावीत. स्नायू झिजू नयेत आणि चरबीही चढू नये. वजन उतरविण्याचा खास उपक्रम मात्र पहिल्या महिन्यात हाती घेऊच नये. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी वजन करून भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवावे. साठ किलोच्या माणसाचे महिन्यात तीन किलो आपोआप उतरले किंवा चढले तर डॉक्टरांना सांगावे. डोकेदुखीवर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनीही भूक वाढते; त्या परस्पर बंद न करता विचारून बदलून घ्याव्यात. क्वचित प्रसंगी मेंदूतील पीयूषिका ग्रंथीला धक्का पोचलेला असतो, त्यामुळे थकवा व वजनातील बदल महिनोन् महिने राहतात; रक्ताच्या तपासणीने ते कळते.

आखाड्यात परतण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. चालणे, मग भरभर चालणे किंवा सायकल, मग हलक्या बैठका, मग जोडीदाराशिवाय डावांचा सराव, मग डॉक्टरांच्या लेखी संमतीनंतरच जोड, आणि सर्वांत शेवटी कुस्ती. प्रत्येक पायरीस निदान एक पूर्ण दिवस द्यावा. त्रास उद्भवल्यास एक पायरी मागे यावे. डोके खाली करावयाचे जोर आणि शीर्षासन प्रारंभी नकोत. पहिला हादरा निवळण्यापूर्वी दुसरा बसला तर, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला सूज येऊन प्राणावर बेतू शकते. हे क्वचित घडते. पण जत्रेच्या फडात हजार रुपयांच्या कुस्तीसाठी तो जुगार का खेळावा?

शाळकरी मुलांच्या बाबतीत आधी वर्ग आणि मग मैदान हा क्रम आहे. दोनतीन दिवसांनी अर्धा वेळ शाळा, खिडकीच्या झळाळीपासून दूरचा बाक, दर अर्ध्या तासाने डोळे मिटून बसण्याची सवलत, कवायतीतून माफी, डब्याखेरीज मधल्या वेळी एक केळे व पाणी; इतके वर्गशिक्षकांनी केले तरी मूल महिनाभर घरी राहण्याची वेळ येत नाही. चुकीचे उत्तर आले म्हणून त्याला आळशी ठरविण्यापूर्वी आठवण ठेवावी की, हे अपंगत्व पट्टी बांधून येत नाही.

विश्रांती हा शब्द ज्यांना परवडत नाही अशांचाही विचार अगत्याचा आहे. निपाणी भागातील विडी वळणाऱ्या भगिनींची मजुरी हजारावर ठरते. बसून राहिले तर चूल थंड. मान खाली घालून, बारीक नजरेने, तंबाखूच्या धुळीत करावयाचे हे काम हादऱ्यानंतर विशेष जड जाते. अशा भगिनीने पहिले दोन दिवस तरी घरच्यांनी सुपाला हात लावू देऊ नये. पुढे अर्धा तास काम व दहा मिनिटे अंगणात चालणे, उजेडाकडे पाठ, पाठीला भिंतीचा आधार, आणि पाने कातरण्याचे नजरेचे काम दुसऱ्याकडे, अशी वाटणी करता येते. कचेरीतील कर्मचाऱ्याच्या हलक्या कामाच्या दाखल्याकडे जसे सहानुभूतीने पाहिले जाते, तसेच ठेकेदाराने येथेही पाहावे. पंधरवड्याची ही सवलत त्यालाही जड जाणार नाही. मन फार उदास झाले, चिडचिड किंवा रडू आवरेना, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

एक गोष्ट घरच्यांच्या ध्यानात उशिरा येते. डोक्याच्या मारानंतर काहींची वासाची जाणीव कमी होते. अन्न बेचव लागते, म्हणून कोणी जेवण टाकतो, कोणी मीठ-साखर वाढवीत राहतो, आणि रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास तो बिघडतो. चव आणण्यासाठी लिंबू, कोकम, कोथिंबीर, भाजलेले जिरे वापरावे. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाच वास येत नसेल तर ताटातील शिळे अन्न आणि शेगडीचा गॅस या दोन्ही गोष्टी, वास परत येईपर्यंत, घरातील दुसऱ्या कोणीतरी रोज रात्री तपासाव्यात.